दारातला भोपळा आणि दक्षिणेकडचा दिवा

आश्विन सरत आला की सराफ्यातली वर्दळ रात्रीपर्यंत लांबते. दिवसभर सोन्यारुप्याचा व्यवहार करणाऱ्या पेढ्यांची दारे ओढली जातात आणि त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, दहीवडे, मालपुवे यांची दुकाने थाटली जातात. या बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचे जुने घर आहे. २०२४ सालच्या दिवाळीआधी आठ दिवस माझी नऊ वर्षांची नात राजवाड्याच्या बाजूने एक पिशवी सांभाळीत आली आणि ओसरीवर तिने ती पालथी केली. आत कागदी वटवाघळे, कापसाची कोळिष्टके आणि हातभर लांबीचा प्लॅस्टिकचा सांगाडा होता. तिच्या वसाहतीत ३१ ऑक्टोबरला ‘हॅलोविन’ व्हायचे होते. आजीच्या दारालाही तशीच सजावट हवी, असा तिचा हट्ट.

आमच्या घरात त्या वर्षी सण नव्हता. श्रावणात तिचे आजोबा गेले होते. सूनबाईने सांगाडा उचलून मुकाट्याने पिशवीत घातला. तेवढ्यात नातीने हळूच विचारले, “आजी, आजोबा आता असे दिसत असतील का?”

तिच्या खरेदीमागे नुसती हौस नव्हती, हे मला तेव्हा कळले. ‘असली थेरं आपल्याकडे नाहीत’ असे म्हणून तिला गप्प करणे सोपे होते. पण ते खरे झाले नसते. मृत्यूची आठवण ठेवून घर सजवण्याची रीत आपल्याकडेही आहे. फक्त तिचे रूप वेगळे आहे.

आधी त्या परक्या सणाविषयी थोडे. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांत सुगी संपून हिवाळा लागताना ‘साविन’ नावाचा सण असे. त्या रात्री मृतांचा आणि जिवंतांचा पडदा विरळ होतो, अशी त्यांची समजूत होती. पुढे ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरला. ३१ ऑक्टोबर ही त्याची पूर्वसंध्या. आयर्लंडात सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. तेथील माणसे अमेरिकेत गेली तेव्हा त्यांना कोरायला सोपा आणि आकाराने मोठा असा भोपळा मिळाला. मेक्सिकोत याच दिवसांत घरोघरी गेलेल्यांची तसबीर मांडून झेंडूच्या फुलांनी सजवतात. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मूळचा तिकडचाच, आणि आपल्या स्वयंपाकघरातला लाल भोपळाही अमेरिका खंडातूनच आलेला. म्हणजे सामग्री दोन्हीकडे एकच आहे.

आता आपल्याकडे पाहू. माळव्यात वाढलेल्या प्रत्येक मराठी मुलीला संजा ठाऊक असते. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत, म्हणजे ज्या पंधरवड्यात घरात पितरांची पाने वाढली जातात त्याच दिवसांत, कुमारिका भिंतीवर शेणाने रोज नवी आकृती काढतात. कधी चंद्रसूर्य, कधी चौपट, कधी स्वस्तिक. त्यावर फुलांच्या पाकळ्या आणि चमकीचा कागद लावतात. शेवटच्या दिवशी मोठा किलाकोट होतो, संध्याकाळी गाणी आणि आरती होते, आणि अखेर सारी संजा पाण्यात सोडतात. महाराष्ट्रातल्या भुलाबाईची ही माळव्यातली बहीण. एका खोलीत श्राद्धाचा स्वयंपाक आणि बाहेरच्या भिंतीवर मुलींची फुले, यात आमच्या आईला कधी विसंगती वाटली नाही. हल्ली बाजारात छापील कागदी संजाही मिळते. पण आपल्या हाताने काढलेली पाण्यात सोडताना जे वाटते, ते तिच्यात नाही.

दिवाळीतही हेच आहे. धनत्रयोदशीला तिन्हीसांजेला कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवतात तो यमासाठी. आश्विनाच्या अखेरीस हातात चूड घेऊन परतणाऱ्या पितरांना वाट दाखवावी, असे जुन्या धर्मग्रंथांनी सांगितले आहे. नरकचतुर्दशीला आपण पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो. गोव्यात तर मुले कागद-गवताचा अक्राळविक्राळ नरकासुर उभारून पहाटे त्याचे दहन करतात. राक्षस भयंकर असतो खरा, पण तो उजाडेपर्यंतच असतो. २०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली होती.

हे सारे नातीला सांगितले, आणि मग आम्ही दोघींनी दाराची सजावट ठरवली. ज्या घरी मुले असा हट्ट धरतात, त्यांना ती उपयोगी पडावी.

पहिली गोष्ट म्हणजे जागा एकच निवडावी: उंबरठा, ओसरीचा कोपरा किंवा खिडकी. सारे घर काळे करू नये. रक्त, फास, तुटलेले हातपाय हे दारात नको. शेजारी कोणी आजारी असेल, कोणाकडे नुकतेच दुःख झाले असेल. भीती दाखवायचीच तर ती लहान मुलाला हसता येईल एवढीच असावी. काळ्या कागदाची वटवाघळे आकाशकंदिलाभोवती टांगली तर शोभतात. खाली झेंडूची माळ पुरे.

भोपळा दोनएक किलोचा, बुडाशी सपाट घ्यावा. अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी घरातल्या पुरुषाने चालवावी अशी जुनी रीत आहे. आमच्याकडे तो मान आजोबांचा असे. त्या वर्षी मुलाने सुरी धरली. देठाभोवतीचे झाकण तिरके कापावे, म्हणजे ते आत पडत नाही. चमच्याने गर आणि बिया काढाव्यात, कोरायच्या बाजूची साल आतून बोटभर जाडीची करावी, आणि नक्षी आधी पेन्सिलीने काढून मग मोठ्या माणसाने कोरावी. आत पणती ठेवली तर धूर जायला झाकणाला भोक हवे, आणि कागद व पडदे दूर हवेत. लहान मुले असतील तर विजेचा बारीक दिवा बरा. आपल्याकडच्या उकाड्यात भोपळा दोन-तीन दिवसच टिकतो, म्हणून आदल्या दिवशीच कोरावा. बिया धुऊन वाळवाव्यात आणि भाजून खाव्यात. गर किसून, गुळात शिजवून, कणीक मिसळून घारगे करावेत. आम्ही त्या वर्षी गोडधोड केले नाही. गराची भाजी केली.

त्यावर चेहरा कोणता कोरायचा? नातीला भुताचा हवा होता. मी तिला भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची आठवण दिली. वाटेत वाघ आणि कोल्हा टपलेले, आणि म्हातारी भोपळ्याच्या आत सुखरूप. मग तिने भुताऐवजी चष्मा लावलेली, बोळक्या तोंडाने हसणारी म्हातारी काढली. चष्मा मात्र आजोबांचा होता. ते मी ओळखले, पण बोलले नाही.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सराफ्यात सोने घेणाऱ्यांची एवढी दाटी झाली की गल्लीतून वाट काढणे कठीण. घरात आम्ही रांगोळी घातली नव्हती. कणकेचा दिवा मात्र नातीने केला आणि दक्षिण कोणती ते विचारून ठेवला. चतुर्दशीच्या संध्याकाळी भोपळ्यातली पणतीही तिनेच लावली.

“आजोबांना इथून दिसेल?” तिने विचारले.

“वाट दिसावी म्हणूनच लावायचा,” मी म्हटले.

सांगाडा पिशवीतच राहिला. जाताना तिने तो मागितला नाही. भोपळा मात्र वसाहतीतल्या मैत्रिणींना दाखवायला हट्टाने उचलून नेला.