टपालाची चाल बदलली की धंद्याचं घड्याळ बदलतं

अमेरिकेत एका दिवसाची कोंबडीची पिल्लं टपालाने जातात! १९१८ पासून रीतसर जातात. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर तीनेक दिवस दाण्यापाण्याविना तग धरतं. म्हणून नियमच असा, की पिल्लू बाहेर आल्यापासून ७२ तासांत खोका पोचला पाहिजे. हॅचरीवाले सगळा बेत या आकड्यावर आखतात. रविवार आडवा येऊ नये म्हणून पिल्लं आठवड्याच्या सुरुवातीला बाहेर येतील अशा हिशेबाने अंडी उबवायला ठेवायची. खोक्याला भोकं हवीत. आणि एकमेकांची ऊब मिळावी म्हणून ठरावीक संख्येपेक्षा कमी पिल्लं पाठवायचीच नाहीत. २०२० च्या ऑगस्टमध्ये तिथलं टपाल रेंगाळलं, तेव्हा मेन राज्यातल्या शेतकऱ्यांकडे हजारो पिल्लं मेलेली पोचली. टपालाचा एक दिवस किती मोलाचा असतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

नेटफ्लिक्सचा जन्मही टपालातलाच. संस्थापकांनी एक सीडी पाकिटात घालून पोस्टात टाकली, ती धड पोचली आणि धंदा ठरला. मग डीव्हीडी दुसऱ्याच दिवशी हातात पडावी म्हणून त्यांनी देशभर गोदामं उभारली. डीव्हीडीचं शेवटचं लाल पाकीट निघालं २९ सप्टेंबर २०२३ ला.

ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून सेकंड क्लासची, म्हणजे स्वस्त दराची, पत्रं एक दिवसाआड वाटायला सुरुवात झाली, शनिवारी तर नाहीच. डेन्मार्कने कमालच केली: सरकारी टपाल कंपनीने ३० डिसेंबर २०२५ ला पत्रवाटप थांबवलं, चारशे वर्षांची परंपरा संपली. तिथल्या कंपन्यांना २०१३ पासूनच सरकारी पत्रव्यवहारासाठी डिजिटल पेटी सक्तीची होती, त्यामुळे त्यांची तयारी आधीच झालेली.

आपल्याकडचा मोठा बदल २०२५ सालचा. रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. चेक परत आला की तीस दिवसांत नोटीस धाडायची, आणि ती ‘रजिस्टर एडी’नेच, ही वकिलांची आणि व्यापाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आता स्पीड पोस्ट करायचं, वर पाच रुपये आणि जीएसटी भरून ‘रजिस्ट्रेशन’ जोडायचं, म्हणजे पत्र ज्याचं त्याच्याच हाती पडतं. ऑक्टोबर २०२५ पासून ५० ग्रॅमपर्यंतचे दर गावातल्या गावात १९ रुपये, बाहेर कुठेही ४७, जीएसटी वेगळा. महिन्याला शंभर नोटिसा काढणाऱ्या पतसंस्थेने हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

पुस्तकवाल्यांसाठी १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये. माल जमिनीवरून जातो, म्हणजे वेळ लागतो. पण छोट्या प्रकाशकाला हे दर परवडतात. परीक्षेच्या तोंडावरची मागणी असेल तर स्पीड पोस्ट, कथासंग्रहाला ज्ञान पोस्ट, अशी विभागणी सरळ करता येते. माझ्या मते ही सरकारने केलेली खरोखर चांगली सोय आहे आणि ती टिकली पाहिजे.

परदेशी धाडायच्या दिवाळीच्या फराळाचे मात्र २०२५ साली हाल झाले. अमेरिकेने छोट्या पार्सलांची करमाफी काढली, म्हणून भारतीय टपालाने ऑगस्टअखेर तिकडची पार्सलं थांबवली. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, आणि लक्ष्मीपूजन होतं २१ ला! आता कर इथेच आगाऊ भरावा लागतो.

ज्या पिनकोडवर आपल्या टपालाची वर्गवारी चालते, तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू केला कोकणातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. सहा आकड्यांतला पहिला विभाग सांगतो, शेवटचे तीन थेट टपाल कार्यालय. यंदा चकल्यांचा डबा परदेशी धाडणार असाल, तर नवरात्रातच टपाल कार्यालयात जाऊन दर, कर आणि मुदत विचारून घ्या. आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यातही पिनकोड विसरू नका; डबा परत आलाच, तर तो तुमच्याच दारी यावा.