स्वराज द्वीपावरच्या हिवाळी रात्री

लखनौच्या आलमबागेत अवधचा नवाब वाजिद अली शाहने आपल्या बेगमेसाठी बांधलेल्या महालाचा जुना दरवाजा अजून उभा आहे. त्याच भागात हेन्री हॅवलॉकची कबर आहे. लखनौच्या वेढ्यात लढलेला हा इंग्रज सेनापती 24 नोव्हेंबर 1857 रोजी दिलखुशा इथे आमांशाने गेला. त्यानंतर हिवाळाभर आउट्रम हा दुसरा इंग्रज सेनापती आलमबागेत तळ ठोकून होता आणि बेगम हजरत महलच्या फौजा त्या तळावर पुन्हा पुन्हा चालून जात होत्या. मार्च 1858 मध्ये लखनौ पडलं. त्याच महिन्याच्या 10 तारखेला 1857च्या उठावातल्या दोनशे कैद्यांची पहिली तुकडी अंदमानात उतरवली गेली. तिथल्या बेटांना इंग्रजांनी लखनौत लढलेल्या आपल्या माणसांची नावं दिली: हॅवलॉक, नील, आउट्रम, हेन्री लॉरेन्स, पील.

आज लखनौत धुक्यामुळे गाड्या तासन् तास खोळंबतात, त्याच दिवसांत आलमबाग-चारबागेतली नोकरदार कुटुंबं कोलकात्याला विमान बदलून हॅवलॉकच्या बेटावर, म्हणजे आजच्या स्वराज द्वीपावर, सुट्टीला जातात. मराठी माणसाची अंदमानची वाट तर जुनीच. 1911 ते 1921 सावरकर सेल्युलर जेलमध्ये होते. त्या कोठडीपुढे हात जोडायचे आणि मग समुद्र पाहायचा, असा आपल्या सहलींचा शिरस्ता आहे.

या सहलींच्या गेल्या वीस हिवाळ्यांचा मागोवा घेताना एक प्रश्न सारखा समोर येतो. बेटावर संध्याकाळनंतर करायचं काय? डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाला मावळतो, इथे पाचच्या सुमारास. घड्याळ भारतीय, पण बेटं फार पूर्वेला. त्यामुळे रात्र लांबलचक.

2004 साल या बेटाला लाभलं आणि बाधलंही. त्या वर्षी ‘टाइम’ मासिकाने राधानगरचा किनारा आशियातला सर्वोत्तम ठरवला, आणि ऐन हंगामात, 26 डिसेंबरला, त्सुनामी आली. हॅवलॉकची हानी निकोबारच्या मानाने कमी होती, पण पर्यटकांनी पाठ फिरवली. तेव्हाची संध्याकाळ साधी होती. पूर्व पाकिस्तानातून येऊन 1950च्या दशकात इथे वसलेल्या बंगाली कुटुंबांच्या खानावळीत मासळी-भात खायचा, लवकर झोपायचं, पहाटे उठायचं. पोर्ट ब्लेअरला असलात तर सेल्युलर जेलमधला ध्वनिप्रकाश कार्यक्रम पाहायचा. अंधारात त्या भिंती बोलू लागतात तेव्हा बडबडी पोरंसुद्धा गप्प होतात. मराठी पर्यटकाच्या लेखी अंदमानातली रात्र म्हणजे बराच काळ एवढीच होती.

दिवस मात्र भरगच्च होत गेले. लाकूडतोडीसाठी आणलेला राजन हा हत्ती तोड थांबल्यावर राधानगरच्या समुद्रात पोहण्यासाठी जगभर ओळखला जाऊ लागला. 2016 मध्ये तो गेला. एलिफंट बीचवर स्नॉर्कलिंग, गोविंदनगर-विजयनगरकडे स्कूबाची दुकानं, असा पसारा वाढला. पोहता न येणाराही इथे प्रशिक्षकाचा हात धरून प्रवाळ पाहून येतो. आधी कंबरभर पाण्यात उभं राहून तोंडाने श्वास घ्यायला शिकायचं. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘वर चला’; सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवायची. कानाला दडे बसले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. 2010 मध्ये पाणी तापून अंदमानातला बराच प्रवाळ पांढरा पडला, 2016 मध्येही त्याला झळ बसली. म्हणून प्रवाळावर पाय ठेवू नका, ही सूचना ऐकलीच पाहिजे.

2010 मध्येच राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये मगरीने एका अमेरिकी पर्यटक महिलेचा बळी घेतला. अंधार पडल्यावर समुद्रात उतरू नये, याला इथे असं ठोस कारण आहे. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवामानाने बोटी बंद पडल्या, हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकले आणि नौदलाने त्यांना बाहेर काढलं.

गर्दी वाढली ती 2014 नंतर. केंद्रीय कर्मचाऱ्यांना एलटीसीवर, म्हणजे रजा प्रवास सवलतीवर, विमानाने अंदमानला जायची मुभा मिळाली. वेगवान खाजगी बोटींनी पोर्ट ब्लेअरहून दीड तासात बेट गाठता येऊ लागलं. नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवल्याला 75 वर्षं झाली त्या दिवशी, 30 डिसेंबर 2018 रोजी, हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून आलेली केबल सुरू झाली आणि मोबाइल न चालणाऱ्या संध्याकाळी संपल्या. त्याच वर्षी राधानगरला ब्लू फ्लॅग हे किनाऱ्यांसाठीचं मानांकन मिळालं. 2023 मध्ये वीर सावरकर विमानतळाची नवी, ऐसपैस इमारत उघडली.

आता रात्रीसाठी रिसॉर्टमध्ये बार आहेत, गाणं-बजावणं आहे. पण या वर्षांत बेटाला गवसलेली सर्वात मोलाची रात्रीची गोष्ट वेगळीच आहे. चंद्र नसलेल्या रात्री कयाकमधून खारफुटीत शिरायचं. वल्हं पाण्यात गेलं की कडेने निळसर ठिणग्या उठतात. हात फिरवला की बोटांमागून उजेड येतो. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना धक्का लागला की ते चमकतात. कोकणच्या लाटांतही हिवाळ्यात कधी कधी हे दिसतं, पण किनाऱ्यावरच्या दिव्यांत लोपतं. इथे मान वर केली तर तारेही तितकेच गच्च.

बागा-अंजुण्यासारखी नाइटलाइफ इथे हवी, असं म्हणणारे आता भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. गोव्याची रात्र गोव्याला शोभते, तिचा इतिहास वेगळा. अंदमानात डिसेंबर ते फेब्रुवारीत कासवं अंडी घालायला वाळूवर येतात आणि किनाऱ्यावरचे दिवे पिल्लांना समुद्राऐवजी उलट्या दिशेला नेतात. चार फ्लडलाइट लागले तर ते चमकतं पाणीही दिसेनासं होईल. अंधार हेच या बेटाचं भांडवल आहे, ते गेलं तर दुसरीकडून आणता येणार नाही.

म्हणून या हिवाळ्यात जाणार असाल तर तिकिटं काढण्याआधी पंचांग पाहा, अमावास्येच्या आगेमागे चार दिवस साधा. एक संध्याकाळ सेल्युलर जेलसाठी राखा. रिसॉर्ट ठरवताना किनाऱ्याकडचे दिवे रात्री बंद होतात का, हे विचारा आणि होत नसतील तर दुसरं रिसॉर्ट शोधा. गिऱ्हाईक असं विचारू लागलं की मालकही दिवे मालवायला लागतील.