ऐंशी नंबरची फाइल

शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधकोठारात कुठलाही प्रबंध उघडा, समोर एक पान येतं. शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, विद्यापीठ, पूर्ण झाल्याची तारीख, आणि खाली पीडीएफ फाइलींची रांग. शीर्षकपान वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, ऋणनिर्देश वेगळा, प्रत्येक प्रकरण वेगळं. सलग ग्रंथ म्हणून वाचायची सोय नाही. तुकडे एकेक करून उतरवून घ्यायचे. नवखा माणूस वरून खाली क्रमाने उघडत बसतो आणि प्रतिज्ञापत्रापर्यंत येईतो कंटाळतो. सरावलेला थेट तळाशी जातो. अलीकडच्या बऱ्याच प्रबंधांत तिथे ८० या आकड्याने सुरू होणारी, ‘रेकमेंडेशन’ नावाची फाइल असते. शीर्षकपान आणि निष्कर्षाचं प्रकरण तिच्यात एकत्र बांधलेलं असतं. जाडजूड प्रबंध आपल्या कामाचा आहे की नाही, हे तिथे दहा मिनिटांत कळतं.

हे कोठार चालवते गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था. तिचं मूळ मात्र पुण्याशी जोडलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये देशभरातली विद्यापीठीय ग्रंथालयं एकमेकांना जोडायचा प्रकल्प हाती घेतला, तो पुण्यातल्या ‘आयुका’च्या छत्राखाली. खगोलशास्त्रज्ञांच्या संस्थेकडे ग्रंथालयांचं काम का, असं कुणालाही वाटेल; पण संगणकाचं जाळं म्हणजे काय हे त्या काळी ज्यांना कळत होतं, त्यांत ही मंडळी पुढे होती. १९९६ मध्ये इन्फ्लिबनेट स्वतंत्र झाली.

शोधगंगेआधी प्रबंधाचं काय होत असे? नशीब चांगलं असेल तर त्याचं पुस्तक होई. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेवर काम केलं, ते १९०९ मध्ये छापून आलं. डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा लंडनचा प्रबंध १९२३ मध्ये ग्रंथरूपात आला. म्हणून ते आज वाचता येतात. बाकीच्यांच्या काळ्या-निळ्या बांधणीच्या मोजक्या प्रती निघत. एक विद्यापीठात, एक मार्गदर्शकाकडे, एक स्वतःच्या घरी फडताळात. नागपूरला झालेलं काम कोल्हापूरला कळायचं तर कुणीतरी तोंडी सांगावं लागे. त्यामुळे त्याच कवीवर, त्याच कादंबरीकारावर, त्याच प्रकरणांच्या मांडणीने प्रबंध होत राहिले, आणि कुणी कुणाचं उचललं हे पाहायला कुणी जात नव्हतं.

अनुदान आयोगाच्या १ जून २००९ च्या नियमाने हे बदलायला सुरुवात झाली. पदवी जाहीर झाल्यावर तीस दिवसांत विद्यापीठाने प्रबंधाची सॉफ्ट कॉपी द्यावी, असा तो नियम होता. पदवी हातात पडल्यावर कोण कशाला धावपळ करील? २०१६ च्या नियमांनी क्रम उलटा केला: आधी प्रबंध इन्फ्लिबनेटकडे, मग पदवीची घोषणा. माझ्या मते शोधगंगा भरली ती या एका बदलामुळे. आवाहनांनी आणि कार्यशाळांनी जे साधलं नसतं ते या अटीने साधलं. पुढे २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम आले. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. ‘सिमिलॅरिटी किती आली?’ हा प्रश्न आता विभागाच्या चहापाण्यात सहज ऐकू येतो.

शोधगंगेच्या आत यंत्र आहे डीस्पेस नावाचं. एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००२ मध्ये बाहेर काढलेली ही मुक्त प्रणाली कुणालाही फुकट वापरता येते. प्रत्येक प्रबंधाला १०६०३ ने सुरू होणारा कायमचा क्रमांक मिळतो. संकेतस्थळाची रचना बदलली तरी तो क्रमांक टिकावा, अशी योजना असते. म्हणून संदर्भ देताना ब्राउझरमधला लांबलचक पत्ता न देता हा क्रमांक द्यावा.

खरी कसरत मराठी प्रबंध शोधताना होते. युनिकोड रुळण्याआधी प्रबंध टाइप होत ते श्री-लिपी, शिवाजी, आयएसएम यांच्या फॉन्टमध्ये. पडद्यावर सुरेख देवनागरी दिसते, पण परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांचा काला हाती येतो. अक्षराचं फक्त चित्र देवनागरी. आतला संकेत भलताच. अशा प्रबंधाच्या पोटात ‘भारूड’ शंभरदा असलं तरी शोधयंत्राला एकदाही दिसत नाही. त्यात शीर्षकाची नोंद कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, कधी इंग्रजी भाषांतर करून. ‘वाङ्मय’ रोमनमध्ये किती तऱ्हांनी लिहिता येतं हे पाहायचं असेल तर इथे यावं.

यावर तोडगा शब्दाऐवजी माणूस शोधण्याचा. हवा तसा एक प्रबंध सापडला की त्याच्या मार्गदर्शकाच्या नावावर जावं. त्यांच्या हाताखालचं बाकीचं काम एकत्र दिसतं, आणि मार्गदर्शक सहसा आपला प्रांत सोडत नाहीत. दुसरी वाट विद्यापीठ, मग विभाग, अशी पायऱ्यांनी उतरण्याची. ती वेळखाऊ आहे, पण मराठी विभागांच्या बाबतीत मला तीच भरवशाची वाटते. ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शब्द मात्र शोधपेटीत घालू नयेत. आपल्याकडे निम्म्या जगाचा चिकित्सक अभ्यास झालेला आहे.

आणि वाचायचं काय? पहिली दोन प्रकरणं बहुधा ओलांडावीत. व्याख्या आणि स्वरूप सगळीकडे तेच. माल असतो परिशिष्टांत. लोकसाहित्याच्या प्रबंधांत गावोगाव फिरून टिपलेल्या ओव्या, बोलींच्या प्रबंधांत शब्दसूच्या, शेतीच्या अर्थशास्त्रात कोरी प्रश्नावली आणि तिची उत्तरं. परीक्षक ही पानं भराभर उलटतात, मांडणीतही त्यांना मान नसतो. पण मूळ युक्तिवाद शिळा झाल्यावरही कामाला येते ती हीच सामग्री.

सगळंच इथे नाही. गोवा विद्यापीठासारख्यांची स्वतःची डिजिटल कोठारं आहेत, तीही पाहावी लागतात. २००९ पूर्वीचे प्रबंध द्यायची सक्ती नव्हती. काही विद्यापीठांनी जुने स्कॅन करून चढवले, काहींनी हात लावला नाही. जे चढलेले नाहीत त्यांचा पत्ता नव्या प्रबंधांतच मिळतो. संदर्भसूचीच्या शेवटी ‘अप्रकाशित प्रबंध’ असं एक पोटशीर्षक असतं. नाव, विद्यापीठ आणि वर्ष तिथे लिहिलेलं असतं. ती यादी उतरवून घ्यावी, त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला फोन करून प्रत जागेवर आहे का ते विचारावं, आणि मगच गाडी पकडावी.