खर्रा-बिडी सोडवताना बोली कोणाची?



कन्हानमध्ये एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेलं की रामरामाचा शब्द बदलतो. इथे बौद्ध वस्ती आहे, गोंड आणि हलबा घरं आहेत, मुस्लिम मोहल्ले आहेत, कोळसा खाणींच्या कामासाठी छत्तीसगढकडून आलेली कुटुंबं आहेत. नमस्कार ज्याचा-त्याचा वेगळा, मग तंबाखू सोडायचा सल्ला सगळ्यांना एकाच साच्यातला कसा लागू पडेल? आज आपण यावरच बोलणार आहोत.

आधी आपल्या भागाचं चित्र पाहू. भिंतीवरच्या फलकावर बहुतेक वेळा सिगारेट काढलेली असते. आपल्याकडे मात्र पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा असतो, म्हाताऱ्यांच्या खिशात बिडी असते, आणि बायांच्या हाती गुडाखूची डबी असते. २०१६-१७ सालच्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात दर १०० प्रौढांमागे साधारण २७ जण तंबाखू घेणारे निघाले. त्यात ओढणारे ४ च्या आसपास होते, तर चघळणारे-घासणारे २४. बायांचं पाहिलं तर दर १०० मागे १७ जणी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होत्या. म्हणजे "सिगारेट ओढू नका" असं कितीही सांगितलं तरी आपल्या बहुतेक घरांना ते आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही.

सवयीमागे कामही असतं. भूमिगत कोळसा खाणीत बिडी-काडी न्यायला बंदी आहे, कारण आत वायूचा स्फोट होऊ शकतो. मग आठ तासांची पाळी तोंडात तंबाखू धरून निघते. अशा माणसाला "धूम्रपान सोडा" म्हटलं तर तो म्हणेल, "मी ओढतोच कुठे?" म्हणून पहिला नियम हा की समोरचा काय घेतो, कधी घेतो, कशासाठी घेतो ते आधी विचारायचं. सल्ला त्यानंतर.

दुसरी गोष्ट शरीराची. तंबाखूत निकोटिन असतं. बिडीचा झुरका घेतला की ते काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं आणि बरं वाटतं. मेंदूला त्याची सवय लागते. सोडलं की चिडचिड होते, झोप उडते, डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, भूक वाढते. पहिले दोन-तीन दिवस सर्वात कठीण जातात आणि तीन-चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. हे घरच्यांना ठाऊक नसलं की ते म्हणतात, "याच्यात जिद्दच नाही." खरं तर तो माणूस त्या वेळी आजारातून उठत असतो.

आता वेगवेगळ्या घरांकडे वळू.

बौद्ध घरांत पंचशील रोज म्हटलं जातं आणि त्यातलं पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं आहे. पुष्कळांना ते दारूपुरतंच वाटतं. विहारात वंदनेनंतर "खर्राही सुटत नाही, मग तीही नशाच ना?" एवढा प्रश्न मांडला तरी चर्चा सुरू होते. धम्मचक्र प्रवर्तन दिन किंवा बुद्धपौर्णिमा हा सोडण्याचा दिवस ठरवता येतो. पण शीलाचं नाव घेऊन चारचौघांत कोणाला लाजवायचं नाही. लाजलेला माणूस खर्रा सोडत नाही, तो लपवून खातो.

काही गोंड घरांत पाहुण्याला आणि देवकार्यात तंबाखू पुढे करायची रीत आहे. मोठ्यांनी दिलेली चिमूट नाकारली तर मान ठेवला नाही असं वाटतं. इथे "तुमची रीतच वाईट" म्हटलं की दार बंद झालं समजा. त्यापेक्षा घरच्या जाणत्याला किंवा भुमकाला विचारावं, की चिमूट हाती घेऊन कपाळाला लावली आणि देवापुढे ठेवली तर चालेल का? मान राहतो आणि तोंडही वाचतं. अशी परवानगी जाणत्याच्या तोंडून आली की तिला वजन येतं.

मुस्लिम घरांत रमजानचा महिना ही मोठी संधी आहे. रोज्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत तंबाखू चालत नाही. म्हणजे ज्याला "एक तासही राहवत नाही" वाटतं, तो रोज बारा-चौदा तास राहून दाखवतो. अडचण इफ्तारनंतर येते. खजूर-पाणी झालं की हात लगेच बिडीकडे जातो. तिथे त्याच्या आपानं किंवा भाभीनं म्हणावं, "भाईजान, दिन तो निकल गया, अब नमाज तक और रुक जाओ." रोज थोडं थोडं लांबवत गेलं तर ईदचा दिवस बिडीशिवाय उजाडू शकतो.

छत्तीसगढी बहिणींची गोष्ट निराळी. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाच्या काकवीचा लगदा. दातांना घासता घासता तो किती वेळा तोंडात जातो याचा हिशेब राहत नाही. पुष्कळजणी सांगतात की घासल्याशिवाय पोट साफ होत नाही. त्यांना हसू नका. निकोटिननं आतडी हलतात, त्यामुळे सोडल्यावर काही दिवस पोट खरोखर अडतं. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, जेवणात भाजी-भाकर, थोडं चालणं, याने ते मार्गावर येतं. गरोदर बाईला मात्र हे आवर्जून सांगा, की तंबाखूमुळे बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. हे तिच्याच बोलीत, तिच्या सासूसमोर सांगितलं तर सासूही ऐकते.

इथे एक सावधगिरी हवी. घरावरचा झेंडा पाहून सल्ला ठरवू नका. एखाद्या बौद्ध घरातल्या काकांना शीलापेक्षा नातवाच्या खोकल्याची चिंता जास्त असेल. सोडण्याचं कारण त्या माणसाच्याच तोंडून येऊ द्या, आपण ते फक्त लक्षात ठेवायचं.

आता अवघड प्रश्न. नदीपलीकडच्या कामठीत बिडीचा धंदा जुना आहे. "जय भीम" हा नमस्कार रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली होती, कारण कंत्राटदार त्यांची पिळवणूक करत होते. आजही ज्या बाईची चूल बिड्या वळून पेटते, तिला "बिडी वाईट" म्हणणं म्हणजे तिच्या ताटावर बोट ठेवणं. तिच्याशी तिच्या आरोग्यापासून बोला. तंबाखूचा भुकणा रोज तिच्या नाकात जातो. म्हणून हवा खेळती ठेवावी, तोंडाला फडकं बांधावं, तान्ह्या पोराला सुपाजवळ झोपवू नये, काम झाल्यावर हात धुवावेत. आणि तिच्यासाठी दुसऱ्या कामाची वाट शोधणं ही गटाची जबाबदारी आहे, एकट्या तिची नाही.

आपल्या बोलीत सल्ला दिल्याने खरंच फरक पडतो का? अमेरिकेत राहणाऱ्या चिनी, कोरियन आणि व्हिएतनामी लोकांना त्यांच्या भाषेत फोनवरून समुपदेशन देऊन पाहिलं. २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले. नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांपेक्षा समुपदेशन मिळालेल्यांत धूम्रपान सोडून टिकणारे साधारण दुप्पट होते. आपल्या विदर्भातच गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे अभियान दारू आणि तंबाखूवर काम करतं. तिथे गावसभा आणि बायांची संघटना पुढे असते, आणि व्यसन सोडणाऱ्यासाठी उपचाराची सोयही असते. एकट्या माणसावर भार न टाकता गाव त्याच्या बाजूनं उभं करायचं, ही रीत आपणही उचलू शकतो.

घरात बोलायचं कसं? "किती वेळा सांगितलं तुम्हाले!" याने सुरुवात नको. असं विचारा: "पोराचे बाबा, दिवसातला कोणता खर्रा सोडणं सगळ्यात कठीण जाते?" उत्तरातून रस्ता दिसतो. जेवणानंतरचा असेल तर जेवणानंतर बडीशेप तयार ठेवा. साधी सुपारी मात्र देऊ नका, कारण नुसत्या सुपारीनेही तोंडाचा कर्करोग होतो. सोडण्याची तारीख ठरवा आणि आदल्या रात्री घरातल्या पुड्या बाहेर काढा. तलफ आली की ती बहुधा पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ पाणी प्यावं, लांब श्वास घ्यावा, हाताला काम द्यावं, कोणाशी बोलावं. मध्येच एखाद्या दिवशी खाल्ला तर "सगळं वाया गेलं" म्हणू नका. कुठे, कोणासोबत खाल्ला ते विचारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. बहुतेकांना सोडायला एकाहून अधिक प्रयत्न लागतात.

ज्यांना फार त्रास होतो त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना भेटावं. निकोटिनचं च्युइंगम आणि औषधंही मिळतात. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तिखट झोंबत असेल, किंवा तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तर वाट न पाहता नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा.

पुढच्या गटसभेत कर्जाचे हप्ते लिहून झाले की एवढं करा. प्रत्येकीनं घरातल्या एकाचं नाव मनात धरावं, तो काय घेतो आणि कोणाचं ऐकतो ते सांगावं. ज्याचं तो ऐकतो त्याच्याकडे आधी जा. तो माणूस कधी मामा असेल, कधी भन्तेजी, कधी मौलाना, तर कधी सहा वर्षांची नात.