अधिकृतीकरण, स्थानिक सर्व्हरद्वारे

संगणकावरील एखाद्या आज्ञावलीस (प्रोग्रॅमला) दूरच्या सेवेतील वापरकर्त्याची माहिती मिळविण्याची परवानगी देताना, त्या परवानगीचे उत्तर त्याच संगणकावर तात्पुरत्या चालविलेल्या वेब सर्व्हरने स्वीकारण्याची पद्धत. वापरकर्त्याचा परवलीचा शब्द (पासवर्ड) आज्ञावलीच्या हाती पडू न देणे, हा तिचा मुख्य हेतू होय.

ही पद्धत ‘ओऑथ २.०’ (२०१२) या मानकावर आधारलेली आहे. भारत सरकारची डिजिलॉकर (२०१५) ही सेवाही हेच मानक वापरते. उदा., तेरखेडा (जि. धाराशिव) येथील विद्यार्थ्यास तेथील आपली गुणपत्रिका दुसऱ्या संकेतस्थळास पाहू द्यावयाची असल्यास तो डिजिलॉकरच्याच पृष्ठावर लॉगिन करून संमती देतो. नंतर ब्राउझर एक अल्पकालीन संकेतांक घेऊन त्या संकेतस्थळाच्या नोंदविलेल्या पत्त्यावर परततो. संकेतस्थळास असा सार्वजनिक पत्ता असतो. घरच्या संगणकावरील आज्ञावलीस तो नसतो. ही उणीव स्थानिक सर्व्हर भरून काढतो.

कार्यपद्धती : आज्ञावली प्रथम १२७.०.०.१ या पत्त्यावर सर्व्हर सुरू करते. हा पत्ता प्रत्येक संगणकात स्वतःसाठीच राखलेला असून त्यावरील संदेश संगणकाबाहेर जात नाहीत. पोर्ट क्रमांक शून्य मागितल्यास परिचालन प्रणाली मोकळा पोर्ट निवडून देते. मग आज्ञावली ब्राउझरमध्ये सेवेचे लॉगिन पृष्ठ उघडते. संमतीनंतर ब्राउझर संकेतांक स्थानिक पत्त्यावर आणून देतो. तो मिळताच सर्व्हर बंद केला जातो. संकेतांकाच्या बदल्यात आज्ञावलीस सेवेकडून प्रवेशचिन्ह (टोकन) मिळते.

सुरक्षितता : त्याच संगणकावरील दुसरी आज्ञावली संकेतांक पळवू शकते. म्हणून मूळ आज्ञावली ४३ ते १२८ अक्षरांची यादृच्छिक गुप्त माला तयार करून लॉगिनच्या विनंतीत तिचे केवळ हॅश रूप पाठविते आणि मूळ माला टोकन मागतानाच उघड करते. ‘पिक्सी’ (२०१५) नावाच्या या योजनेमुळे नुसता पळविलेला संकेतांक निरुपयोगी ठरतो. विनंतीसोबत पाठविलेली ‘स्टेट’ ही खूण उत्तरात जशीच्या तशी परत आली आहे की नाही, हेही आज्ञावलीने तपासावयाचे असते. अन्यथा परक्या खात्याचा संकेतांक स्वीकारला जाण्याचा धोका असतो.

पूर्वी काही सेवा संकेतांक पडद्यावर दाखवीत व वापरकर्ता तो हाताने आज्ञावलीत उतरवीत असे. फसवणुकीस वाव असल्याने गूगलने ही रीत २०२२ पासून बंद करीत आणली. ब्राउझर व आज्ञावली निरनिराळ्या संगणकांवर असल्यास मात्र स्थानिक सर्व्हर उपयोगी पडत नाही. अशा वेळी दुसऱ्या उपकरणावर लहान संकेत टंकून संमती देण्याची पद्धत (२०१९) वापरतात.