इंग्रजी अक्षरांचा शब्दखेळ

देवनागरीत उच्चारावरून अक्षर ठरते. इंग्रजीत नेहमी तसे होत नाही. म्हणून ‘क्वीन’ हा शब्द मुले ‘के’ व ‘डब्ल्यू’ घालून लिहितात आणि चुकले की इंग्रजीचे भय धरतात. ते घालविण्यास शब्दखेळ उपयोगी पडतो. अमेरिकेतील वास्तुशिल्पी आल्फ्रेड बट्स यांनी १९३०च्या दशकात वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून असा खेळ रचला; १९४८ साली त्यास ‘स्क्रॅबल’ हे नाव मिळाले. त्याच्या १०० सोंगट्यांत ‘ई’च्या १२, तर ‘क्यू’ची एकच, म्हणून ‘ई’स १ गुण व ‘क्यू’स १०.

शब्दकोश पहिल्या अक्षराने पाहता येतो. मधले वा शेवटचे अक्षर शोधण्यास अक्षरांच्या सवयी ठाऊक हव्यात. ‘क्यू’मागून बहुधा ‘यू’ येतो : क्वीन, क्विक. लहान शब्दांत ‘एक्स’ पुष्कळदा शेवटी असतो : बॉक्स, सिक्स. ‘जे’ शेवटी सहसा येत नाही. म्हणून ‘ब्रिज’च्या अंती ‘डी-जी-ई’ लिहितात.

शिक्षकांनी जुन्या पुठ्ठ्यांच्या तुकड्यांवर अक्षरे लिहावीत, गट पाडावेत व दिलेल्या अक्षराचे शब्द शोधावयास सांगावे. चुकलेल्या शब्दास गुण नसावा, परंतु शिक्षाही नसावी; खेळात चुकलेले मूल पुन्हा हात वर करते.