बालकाची वाढ व कुटुंबाची घडण

शाळेत नाव दाखल करताना आपण वडिलांचे नाव व व्यवसाय लिहितो आणि घराची चौकशी तेथेच संपवितो. रत्नागिरी जिल्ह्यात तेवढ्याने भागत नाही. २०११ च्या जनगणनेत येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. अनेक घरांतील कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस, हे त्याचे मुख्य कारण. भाट्ये येथील खाडीकाठच्या काही घरांत निराळीच तऱ्हा दिसते. वडील दर्यावर आणि आई मासळी विकण्यास पूल ओलांडून रत्नागिरीस जाते. मूल दिवसभर आजीच्या, आत्याच्या अथवा थोरल्या बहिणीच्या स्वाधीन.

अशा मुलास ‘वळण नाही’ असे म्हणून मोकळे होण्याची घाई काही शिक्षक करतात. हा अन्याय होय. लहान बालकाची भाषा व समज वाढते ती घरात माणसे किती यापेक्षा त्याच्याशी कोण, किती व कसे बोलते यावर. तांदूळ निवडता निवडता नातवाच्या ‘का?’ला उत्तर देणारी आजी त्यास पहिलीची निम्मी तयारी करून देते. उलट घरात दहा माणसे असून त्याच्या वाट्यास केवळ ‘गप्प बस’ येत असेल, तर ते वर्गातही गप्पच बसते. (हल्ली गप्प बसविण्याचे हे काम मोबाईलकडे सोपविले जाते.)

खरी झळ पोचते ती थोरल्या बहिणीस. धाकट्यास सांभाळण्यासाठी तिसरी-चौथीतील मुलगी घरी राहते आणि हजेरीपटावर ती नुसती ‘गैरहजर’ दिसते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. बालवाडीत न येणाऱ्या मुलांच्या वस्तीतच, अंगणात, त्यांनी वर्ग भरविला. अंगणवाडी ती हीच. पुढे ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक वर्ग एकत्र आणले गेले, त्यामुळे भावंड कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीचीही सोय झाली. आपल्या गावी धाकटे मूल तीन वर्षांचे झाले असल्यास त्यास अंगणवाडीत घालण्याविषयी शिक्षकाने स्वतः घरी जाऊन बोलावे व सेविकेशी वेळा जुळवून घ्याव्यात.

पालकसभेचा दिवसही घर पाहून ठरवावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, त्या वेळी खलाशी वडील गावी भेटतात. चाकरमानी येतात ते गणपतीस व शिमग्यास. निमंत्रण मात्र आईच्या, किंवा मूल जिच्यापाशी वाढते त्या आजीच्या नावे पाठवावे. तिला वाचता येत नसल्यास निरोप तोंडी द्यावा.